सेजवेल गावची पहिली हाक

खोलीच्या खिडकीला एक काच नव्हती.

पूर्व इंग्लंडातल्या सेजवेल नावाच्या चिमुकल्या गावात ऋजुता संध्याकाळी पोचली, तिने बॅग टेकवली, आणि पडदा आपोआप हलला तशी दचकून मागे सरली. पाहते तो खालच्या कोपऱ्यातला चौकोन मोकळा. काच फुटलेली नव्हती. तिथे ती कधी बसवलीच नसावी, इतक्या कडा गुळगुळीत होत्या. सकाळी गल्लीत फेरी मारली, तर दलदलीकडे तोंड असलेल्या प्रत्येक घराला असाच एक उघडा चौकोन. दुकानाला, शाळेला, चर्चमागच्या खोलीलासुद्धा.

"खिडकीला पुठ्ठा लावला तर चालेल का?" न्याहारीला तिने घरमालकीण विनिफ्रेडबाईंना विचारलं.

बाईंच्या हातातली किटली तशीच थांबली. "नको गं पोरी. पुठ्ठा लावलास तर ऐकू कसं येणार?"

शेजारचे म्हातारे सिरिल टोस्टवर लोणी थापत होते. त्यांची न्याहारी रोज इथेच व्हायची. "विनी, पाहुणीला पहिल्याच चहाबरोबर मेलेली माणसं वाढू नकोस."

"तू गप्प बैस. फुकटचं मिळतंय तेवढं गीळ."

मग हात पुसून बाईंनी सांगायला घेतलं.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. तेव्हा दलदल पार गावाच्या कुंपणाला भिडलेली होती आणि पलीकडून यायला एकच मातीचा बांध होता. धुकं उतरलं की दलदलीत बुडालेली माणसं हाका मारतात, अशी गावाची समजूत. मेलेला एकदाच हाक मारतो, जिवंत माणूस लागोपाठ तीनदा. म्हणून तिसरी हाक कानी पडल्याशिवाय ओ द्यायची नाही. दिली, तर दलदल आपल्याला ओढून नेते म्हणे. पोरं जरा जाणती झाली की त्यांना बांधावर नेऊन हे शिकवत.

तिन्हीसांजेच्या एकट्या हाकेला ओ देऊ नये, असं मिरजेतही म्हणत. ऋजुताला ते आठवलं, पण ती बोलली नाही. आई गेल्यापासून तिला बोलायला फारसं सुचतच नव्हतं. रडूही आलं नव्हतं.

गावात मार्जरी नावाची विधवा होती. दलदलीतलं लव्हाळं कापून पोट भरायची. उपासमारीच्या एका वर्षी तिने आपली एकुलती एक लेक, ॲनिस, दूरच्या एका मोठ्या घरी कामाला धाडली. पोर अगदीच कोवळी. तिला बांधावर नेऊन शिकवायची वेळ अजून आलीच नव्हती. त्या घरी ती वेगळं शिकली. हाक एकदाच मारावी आणि हात जुळवून उत्तराची वाट पाहावी. पुन्हापुन्हा ओरडणं उद्धटपणाचं.

ॲनिस मोठी झाली आणि एका हिवाळ्यात आईला भेटायला चालत निघाली. बांधावर पोचली आणि धुकं उतरलं. पायाखालचा रस्ता दिसेना. तिने एकदा हाक मारली, "आई, मी ॲनिस." आणि हात जुळवून उभी राहिली.

मार्जरी पीठ मळत होती. तिने आवाज ओळखला, असे सांगतात. हात पिठात तसेच ठेवून ती दुसऱ्या हाकेची वाट पाहू लागली. साऱ्या गावाने ऐकलं होतं आणि सारं गाव वाट पाहत होतं. बऱ्याच वेळाने दुसरी हाक आली, पण भलतीकडून, आणि तीही एकटीच. शेजारीण म्हणाली, "पाहिलंस? मेलेलंच आहे काहीतरी. बाई गं, मळ तू आपलं पीठ."

मार्जरीने पीठ मळलं.

धुकं विरलं तेव्हा ॲनिस बांधापासून हातभर अंतरावर, पाण्यात सापडली.

मार्जरी रडली नाही म्हणे. घरी येऊन तिने खिडकीला काचेऐवजी लावलेलं मेणकापड टराटरा फाडून काढलं आणि बोलली, "यापुढं पहिल्या हाकेला ओ देईन. जिवंताची असो नाहीतर मेलेल्याची. दलदलीला मला न्यायचं असेल तर नेऊ दे." तेव्हापासून टिटवी ओरडली तरी ती म्हणायची, "आहे मी, ये." चुकलेली मेंढी ओरडली तरी, "आहे मी, ये." लोक हसायचे, मार्जरी वाऱ्याशी संसार करते म्हणायचे. पण एका धुक्यात वाट चुकलेला फेरीवाला तिच्या आवाजाच्या रोखाने चालत सुखरूप गावात आला. मग लोक हसेनासे झाले. ती गेली, आणि पुढचं धुकं उतरलं, तेव्हा तिच्या खिडकीतली शांतता कुणाला सोसवेना. त्याच शेजारणीने आधी उठून आपल्या खिडकीचं कापड फाडलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

"म्हणून धुक्यात कुणीही कुणालाही ओ देतं," विनिफ्रेडबाई म्हणाल्या. "आणि गाव सोडून गेलेलं माणूस परतलं, की बांधाच्या टोकाला उभं राहून आपलं आणि घराचं नाव घेतं. एकदाच. त्या हाकेला मात्र ओळखणाऱ्यानेच ओ द्यायची. उगाच दिली तर ॲनिसची थट्टा होते."

"गेलेल्याची मुलगी आली तर?" ऋजुताने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिने सांगितलं. आजोबा, डॉक्टर घैसास, इथल्या दवाखान्यात होते. आई लहानपणी दवाखान्याच्याच घरात राहायची. मिरजेत आईला ओळखणारे सगळे नंतरचे. फ्रॉकातली सुलभा पाहिलेलं कुणी उरलंच नव्हतं. तसं एक तरी माणूस भेटावं, एवढ्यासाठी ती आली होती.

"मी लग्न होऊन आले तेव्हा दवाखाना बंद झाला होता गं," बाई हळूच म्हणाल्या.

"आणि मी पडलो नदीपलीकडचा," सिरिल म्हणाले. त्यांनी टोस्ट बशीत ठेवला. "माझी ओ चालायची नाही. पण जा तू. नाही आली ओ, तरी चहा आहेच."

आजही सेजवेलचा बांध आहे, दलदल मात्र आटून कुरणं झाली आहेत. ऋजुता टोकाला उभी राहिली तेव्हा धुकं नव्हतं. राखाडी दुपार होती, आणि घरांचे उघडे चौकोन स्पष्ट दिसत होते. एक मेंढी खोकली तरी ती दचकली. आवाज आपला नसल्यासारखा बाहेर पडला.

"मी ऋजुता. सुलभाची मुलगी. दवाखान्याच्या घरातली."

काहीच झालं नाही. एका खिडकीचा पडदा हलला, तो वाऱ्याने. दुसरी हाक मारायची नसते, म्हणून ती हात जुळवून उभी राहिली. बोटं बधिर झाली. इतकंच होतं तर, असं मनात आलं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

मग शाळेमागच्या शेवटच्या घरातून, कुणीतरी खुर्ची सरकवून धडपडत उठल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक घोगरा, धाप लागलेला बायकी आवाज:

"सुलभाची? अगं, वर्गात माझ्या पाठीला पाठ लावून बसायची ती, थंडी वाजते म्हणून! आहे मी, आहे. हलू नकोस तिथून, मी येते!"