तीन आडव्या रेघा

“मग सही का करत नाही, उस्ताद?”

बंदेनवाज उस्ताद स्टुलावर बसून होते. कुपवाडच्या त्या शेडमध्ये वेल्डिंगची मशिनं दुरुस्त करता करता त्यांचं आयुष्य सरलं होतं. आता एकदा बसलं की उठवत नव्हतं.

जयमालानं काम शिकल्याच्या दाखल्याचा कागद पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला. उद्या पुण्याच्या कारखान्यात हजर व्हायचं. उस्तादांची सही असली तरच घेणार होते. नोकरी लागली की खोली, खोली मिळाली की माहेरी ठेवलेली लेक जवळ आणायची. परवा फोनवर लेकीनं तिलाच विचारलं होतं, “कोण बोलतंय?”

तेव्हापासून जयमालाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“मशीनच्या वायरिंगचा हा नकाशा मी स्वतः काढलाय. एकूण एक खूण पाठ आहे. विचारा.”

“ही वेटोळी?”

“ट्रान्सफॉर्मर.”

“हा बाण?”

“डायोड. करंटला एकाच बाजूनं सोडतो.”

“आणि ह्या?”

“तीन आडव्या रेघा, खाली खाली लहान. अर्थिंग. मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीत जायची वाट. हे तर कुणीही सांगेल, उस्ताद.”

“हं…”

“सहा महिने मला रोज त्या अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायला लावलंत. का, तर माती ओली राहावी, म्हणजे करंट मुरतो. हे काय शिकणं झालं? झाडाला घातलं असतं तर चार लिंबं तरी आली असती.”

उस्ताद दमल्यासारखं हसले. “लिंबं…”

पलीकडं जयमालाची जाऊ, पद्मा, खिडकीचं ग्रिल जोडत होती. तिनं तोंडापुढची काच खाली घेतली.

“काल मशीनला हात लागला नि मुंग्या आल्या बघा, उस्ताद. कोपरापर्यंत. ही जयमाला म्हणाली, उन्हानं होतंय.”

जयमाला नकाशाकडं बघत राहिली.

“तू जेवून घे जा, पद्मा,” उस्ताद म्हणाले.

पद्मा गेली. मशीन घुमत होतं.

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. पायातल्या रबरी चपला काढल्या. अनवाणीच मशीनपाशी गेले आणि पत्र्यावर ठेवायला तळहात पुढं केला.

“हात नका लावू!”

जयमालानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. मशीन गप्प झालं.

“का गं? नकाशात तर अर्थिंग आहे.”

जयमालाची नजर दाराबाहेर गेली. खड्ड्याशेजारी घागर पालथी पडलेली. खड्ड्यातल्या मातीला भेगा गेलेल्या.

“किती दिवस?”

“आठ… नऊ असतील. नळ लांब आहे. कंबर भरून येते. आणि मला वाटलं…”

तिनं पद्माच्या अर्धवट ग्रिलकडं बघितलं. पद्माचं पोर अजून अंगावर पीत होतं.

उस्ताद परत जागेवर येऊन बसले. त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला. मग सही न केलेला कागद त्यावर ठेवला आणि दोन्ही तिच्या हातात दिले.

“रेघा बरोबर काढल्यास, पोरी. आता त्यांना पाणी घाल.”