आरशातली कासारीण

एक होती राणी, केवडावती तिचं नाव. तिला भारी हौस जुन्या आरशांची. नवा दाखवला की नाक मुरडायची. कुणाकडे पणजीच्या वेळचा आरसा आहे असं कळलं, की माणसं पाठवून आणवायची. राणीनं मागितला तर नाही कोण म्हणणार? महालाच्या भिंती आरशांनी भरून गेल्या. पाय हलवू नकोस रे, ऐक.

एकदा काय झालं, शिसवी चौकटीचा एक आरसा आला. राणीनं तो दिवाणखान्यात टांगला. बघते तर आत आपलं तोंडच नाही. कुणी परकी बाई येरझाऱ्या घालतेय. मग ती शेजारच्या आरशात शिरली, मग पुढच्या. जिथे शिरायची तिथलं राणीचं रूप पुसलं जायचं, बरं का.

दिवाणखान्यातले आरसे गेले, आणि दासीनं विचारलं, "कोण हो तुम्ही?" मग शेजघरातले गेले. राजा म्हणाला, "बाई, आपण कुठल्या?" आता उरला लेकीचा, बकुळचा, हातातला इवलासा आरसा. तोही गेला तर बकुळ आईला विसरणार. राणीला अन्न गोड लागेना. नुसती या खोलीतून त्या खोलीत.

मग बाई बकुळच्या आरशाशी आलीच. राणीनं हात जोडले. "काय हवंय गं तुला?"

"घरची वाट हवीय, तीच शोधत फिरतेय आरशाआरशांतून," बाई म्हणाली. "मी कासारीण. बांगड्या विकायला परगावी निघाले. त्या शिसवी आरशात बघून कुंकू लावलं, लेकीला म्हटलं, 'येते.' नदीनं परत येऊ दिलं नाही. पण येते म्हटलंय, तर यायला नको? आरशात तरी रोज दिसायचे तिला. तू आरसाच उचलून आणलास."

राणीला रडू कोसळलं. म्हणाली, "शीर बाई तुझ्या आरशात." आणि तो आरसा डोक्यावर घेऊन स्वतः चालत निघाली. कासारणीची लेक म्हातारी झाली होती. आरसा खुंटीला लागला, तशी आतली बाई खाली बसली. लेक म्हणाली, "आलीस होय आई? दमली असशील."

राणी निघताना सवयीनं बोलून गेली, "येते हं." झालं. म्हटलं म्हणजे यायलाच हवं. दर संक्रांतीला ती तिथेच बांगड्या भरायला जायची. बाकीचे आरसेही ज्याचे त्याला पोचते केले. आणि कासारणीकडून पहिल्यांदा परतली ना, त्या दिवशी महालाच्या दारात बकुळ धावत आली, "आई आली, आई आली." मागोमाग राजा नि दासीही राणीला ओळखून सामोरे आले.

सगळी सुखानं नांदली. मिटा आता डोळे. आणि झोपायला 'जातो' नाही म्हणायचं बाळांनो, 'येतो' म्हणायचं. सकाळी परत यायचंय ना माझ्याकडे?