पुंजाराम गेटवर उभा राहतो

आमचं गाव बुधवारच्या बाजाराचं. भोळी माणसं गावात तशी बरीच आहेत, पण पुंजाराम एकच. त्याला सांगाल ते तो करायचा. सांगाल तेवढंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळा घोटाळा तिथेच होता.

झालं असं की एका बुधवारी दिनकर शिंगाडेंनी आपल्या चार वर्षांच्या पोराला शाळेपाशी फटफटीवरून उतरवलं आणि फटफटी बंदसुद्धा न करता ते बँकेत गेले. पोरगं गेटात शिरायचं सोडून एका फुगेवाल्याच्या मागे लागलं. तासाभराने सापडलं ते एसटी स्टँडवर, नगरच्या गाडीत, खिडकीजवळच्या जागेवर.

शिंगाडे म्हणाले, "गेटापर्यंत पोर माझं. पुढे शाळेचं."

मोहोळकर बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "गेटाच्या आत आल्यावर शाळेचं. त्याआधी तुमचं."

पोर उभं होतं नेमकं गेटात. तेवढी फूटभर जागा कोणाची, यावर तीन सभा झाल्या. शेवटी पालकांनी सांगून टाकलं, "आणखी एक पोर हरवलं, की सगळी पोरं हायवेपलीकडच्या इंग्लिश शाळेत." तसं झालं असतं तर आमची शाळा बंदच पडली असती. मग वर्गणी निघाली, आठ फुटी भिंत झाली, वर काचा बसल्या, लोखंडी गेट आलं. राहिला फक्त गेटवरचा माणूस.

पुंजा तेव्हा माझ्या हळदीच्या गोदामावर होता. बाई दुकानात आल्या. "शेटजी, माणूस विश्वासाचा आहे का?"

मी म्हटलं, "बाई, बारा वर्षं किल्ली त्याच्या कमरेला आहे. हळकुंड इकडचं तिकडे झालं नाही."

ते खरंच होतं. मग इतका चांगला माणूस मी सोडतो कसा, हे बाईंनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी त्याला वही दिली. "पुंजाराम, नीट ऐक. एकदा आत आलेलं कोणीही सहीशिवाय बाहेर सोडायचं नाही."

"बरं बाई. ध्यानात राहील."

मधल्या सुट्टीत बाई बाहेर येऊन बघतात तर गेटाशी तीन बकऱ्या, बांगड्यांची पेटी घेतलेली हसीनाबी आणि पोस्टमन गवारे.

"बाई, याला सांगा हो," हसीनाबी म्हणाली. "माझी सही करणारा माणूस पुण्याला कामाला आहे!"

गवारे म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांच्या सह्या घेतल्या. आज माझी कोणी करेना."

बाईंनी दोघांची सही केली. मग तिन्ही बकऱ्यांची केली, प्रत्येकीची वेगळी. पुंजाने तिसरीसाठी पान उलटून दिलं.

"अरे बाबा," बाई म्हणाल्या, "नको ते आत येऊच द्यायचं नाही! ओळखीचा चेहरा नसेल तर दारातूनच हाकलायचं."

"असं होय. मग आधी सांगायचं ना बाई. आता ध्यानात राहील."

दुसऱ्या दिवशी शिंगाड्यांची भावकी कुलदैवताचा नवस फेडून परतली. अकरा पोरं, अकराही जणांच्या डोक्यांचा चकोट. पुंजाने एकेकाला न्याहाळलं. काल असं एकही पोर त्याने पाहिलं नव्हतं. त्याने काठी आपटून सगळ्यांना पिटाळलं. पोरं आनंदाने रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन खेळायला लागली. मधून उसाच्या ट्रॉल्या धडधडत चाललेल्या.

बाई अनवाणी धावल्या. अकराही पोरं आत आणेपर्यंत त्यांना घाम फुटला.

"पुंजाराम, रस्त्यावर उसाच्या गाड्या दिसत नाहीत का तुला?"

"दिसतात ना बाई. पण पोरं ओळखीची नव्हती."

"काल त्यांना केस होते, म्हणून! अरे, मूल रस्त्यावर दिसलं की ओळख विचारत बसायचं नाही. आधी उचलायचं, आत घ्यायचं. चौकशी मागून."

"हे पटलं बाई. ध्यानात राहील."

तिसऱ्या दिवशी धनगराची मेंढरं आडवी आली आणि इंग्लिश शाळेची व्हॅन नेमकी आमच्या गेटासमोर थांबली. खिडकीतून टायवाली पोरं रस्त्याकडे बघत होती. पुंजाने चौकशी केली नाही. एकोणीस पोरं उचलून आत घेतली. धनगराच्या घोड्यावरचं लेकरू घेतलं. बाजाराला आईबरोबर आलेली चार घेतली. वाजंत्रीच्या पुढे नाचणारा नवरीचा धाकटा भाऊ घेतला, त्याच्या फेट्यासकट.

बाईंनी हजेरी घेतली. बासष्ट पोरांच्या शाळेत सत्याऐंशी भरली. चार वर्षांत पट वाढला नव्हता. बाईंनी दोनदा मोजलं, आणि दुपारपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा खिचडी कमी पडली होती.

तोवर व्हॅनवाला आला, त्यामागे इंग्लिश शाळेच्या आया आल्या, त्यामागे अख्खी वरात. एक आई आपल्या लेकाला ओढत होती, आणि तो दुसऱ्या ताटलीतली खिचडी सोडत नव्हता. त्या गर्दीत कुणाची तरी मावशी भलतीच टायवाली पोरगी घरी घेऊन गेली. दहा मिनिटांनी परत आणली, पण त्या दहा मिनिटांत बाईंचं वय दहा वर्षांनी वाढलं.

संध्याकाळी त्यांनी पुंजाला समोर उभं केलं. "हे शेवटचं. मूल द्यायचं ते फक्त त्याच्या आईच्या नाहीतर बापाच्या हातात, आणि सही घेऊन. मोकळं सोडायचं नाही. मामा आला, मावशी आली, नाही. मी मागितलं तरी नाही! आणि इथून पुढे सही चालेल ती आईबापाचीच. उद्या तालुक्याहून साहेब गेटची तपासणी करायला येताहेत. त्यांचा शेरा चांगला पडला तर शाळा टिकेल. नाहीतर शाळा बंद, आणि तू परत हळदीत."

पुंजाचे डोळे भरून आले. "बाई, उद्या एकही पोर हरवणार नाही. माझी जबान."

बाई वर्गावर्गात सांगून आल्या, "उद्या साहेब येणार. कोणाचा आवाज ऐकू येता कामा नये."

उजाडलं. बाई पहाटेच येऊन मागच्या बाजूला आंब्याची पानं बांधत बसल्या होत्या. सव्वानऊला पहिली फटफटी आली. शिंगाडेच. इंजिन सुरूच.

"घे रे पोराला."

पुंजाने पोराचा हात घट्ट धरला. "याचे वडील कोण?"

"मी! मीच सोडायला आलोय ना?"

"मग इथे सही करा."

शिंगाड्यांनी घाईघाईने सही केली. पुंजाने पोराचा हात त्यांच्या हातात दिला. "न्या सांभाळून."

"अरे, नेऊ कुठे? शाळा आहे ना आज?"

"आहे ना. साहेबसुद्धा येणार आहेत."

"मग आत सोड त्याला!"

"मोकळं सोडायचं नाही. हातात द्यायचं, ते पण आईबापाच्याच."

"आत बाई आहेत. त्यांच्या हातात दे."

"बाई म्हणाल्या, मी मागितलं तरी द्यायचं नाही."

शिंगाड्यांनी मागे पाहिलं. मागे सात फटफट्या, दोन रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. बँकेची वेळ झालेली. त्यांनी पोराला टाकीवर बसवलं आणि ते गेले.

असं एकेक करून बासष्ट. त्या दिवशी गावात कुठेही जा, बापाच्या बोटाला पोर होतं. बँकेत काउंटरखाली एक, पिठाच्या गिरणीत दोन, एसटीच्या कंडक्टरबरोबर एक. माझ्या दुकानात हमालाची तिघं पोत्यांवर बसून पाढे म्हणत होती.

अकराला जीप आली. बाईंनी आतूनच हाक दिली, "पुंजाराम, साहेबांना आत घे!" पुंजाने साहेबांना हाताला धरून रस्त्यावरून उचलल्यासारखं आत घेतलं आणि गेटला कुलूप घातलं.

साहेबांनी वही उघडली. बासष्ट नावं, बासष्ट सह्या. पुंजाने छाती काढून सांगितलं, "एकही पोर हरवलं नाही साहेब."

साहेबांनी कान दिला. पाखरांशिवाय आवाज नाही. "बाई, काय शिस्त आहे तुमची!"

"कालच ताकीद दिली होती," बाई लाजून म्हणाल्या.

साहेबांनी तिथेच टेबल मागवलं आणि शेरा लिहिला: 'नोंदवही अत्यंत व्यवस्थित. मुले पूर्णपणे सुरक्षित. कोणताही गोंगाट नाही. इतर शाळांनी अनुकरण करावे.' खाली सही आणि शिक्का.

मग ते म्हणाले, "चला, आता मुलांना बघू."

पहिला वर्ग रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यात एक मांजर होतं, ते त्यांना बघून पळालं. बाई भिंतीला टेकल्या. साहेबांनी शेऱ्याकडे पाहिलं. शिक्का मारलेला शेरा खोडता येत नाही, हे त्यांना बाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ते म्हणाले, "मला दुसऱ्या शाळेत जायचंय. गेट उघडा."

पुंजाने वही पुढे केली. "सही, साहेब."

साहेबांनी सही केली.

"तुमची नाही चालत. आईची नाहीतर वडिलांची."

"मी छप्पन्न वर्षांचा आहे!"

"असाल. पण आत आलात ना?"

"पुंजाराम!" बाई ओरडल्या. "मी करते सही, उघड आधी!"

"बकऱ्यांना चाललं होतं बाई. तेव्हा नियम वेगळा होता."

साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. आठ फूट, वर काचा. किल्ली पुंजाच्या कमरेला. शेवटी त्यांनी गेटाच्या गजांतून ड्रायव्हरला घरी पिटाळलं.

दोन तासांनी जीप आली. साहेबांच्या एक्याऐंशी वर्षांच्या मातोश्री काठी टेकत उतरल्या. गजांतून लेकाकडे बघून म्हणाल्या, "काय रे बंड्या, काय केलंस शाळेत?"

म्हातारीने वहीत अंगठा उठवला. पुंजाने साहेबांचा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "घट्ट धरा आजी. रस्त्यावर उसाच्या गाड्या असतात."

साहेब गेले. पुंजाने पुन्हा कुलूप घातलं आणि वहीचं नवं पान काढून बाईंसमोर बसला.

बाईंच्या आई रत्नागिरीला असतात. त्या निघाल्या आहेत.