कारल्याच्या सरबताची दवंडी

पिंगळगडच्या राजा प्रतापमल्लानं कारल्याचं सरबत काढलं आणि बाजारात दुकान थाटलं. पेल्याला वीस कवड्या. आठ दिवस झाले तरी दुकानात माशीसुद्धा आली नाही. माशीला अक्कल असते.

राजाचं म्हणणं, लोकांना माहीतच नाही, म्हणून येत नाहीत. त्यानं सटवाजी दवंडीवाल्याला बोलावलं. सटवाजीनं दोन भाव सांगितले. ज्याच्या कानावर दवंडी पडेल त्या प्रत्येकामागे एक कवडी. नाहीतर दवंडी ऐकून जो दुकानात येईल आणि पेला रिकामा करील, त्या तोंडामागे दहा कवड्या. यातलं काय घ्यायचं ते महाराजांनी ठरवावं.

राजानं प्रधानाला विचारलं. प्रधान म्हणाला, तोंडामागे द्या. राजा भडकला. तोंडामागे स्वस्त पडेल, म्हणजे ऐकणाऱ्या शंभरातले दहासुद्धा यायचे नाहीत, असंच ना? माझ्या सरबताला नावं ठेवतोस? शिक्षा म्हणून प्रधानाला सरबताची अख्खी घागर पाजली. प्रधान अजून अंथरुणात आहे.

मग खजिनदाराला विचारलं. त्यानं प्रधानाची गत पाहिली होती, तो म्हणाला, कानामागे द्या. राजा पुन्हा भडकला. पाळण्यातली पोरं, वाटेवरचे गोसावी, जे येणारच नाहीत त्यांच्या कानांचे पैसे मी भरू? आणि कान मोजणार कोण, तर सटवाजीच! खजिनदारालाही घागर.

आता राजा दिसेल त्याला हाच प्रश्न विचारीत सुटला. दरबारी खांबाआड लपायला लागले. शेवटी तो राणीच्या महालात शिरला. तिथं सगुणा कासारीण राणीला बांगड्या भरीत होती. राजाला बघून राणीचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि ती आत निघून गेली. सापडली सगुणा.

राजानं तिलाही तोच प्रश्न घातला. उत्तर चुकलं तर घागर, आणि उत्तर दिलंच नाही तर दोन घागरी. नोकरानं घागर आणून तिच्या पुढ्यात ठेवलीसुद्धा. वास आला तशी सगुणानं पदर नाकाला लावला. पण बाई घाबरणारी नव्हती. ती म्हणाली, "महाराज, हे मला कशाला विचारता? सटवाजीलाच निवडू द्या."

सटवाजीला आणलं. सगुणानं विचारलं, "सटवाजीभाऊ, महाराजांचं सरबत कसं आहे?"

राजा समोर बसलेला. सटवाजी काय बोलणार? "अमृत आहे, बाई."

"मग दवंडी ऐकून माणसं येतील?"

"धावत येतील. शंभरानं ऐकलं तर शंभर येतील."

"मग हिशोब सोपा आहे. कानामागे घेतलंस तर तुला शंभर कवड्या, तोंडामागे घेतलंस तर हजार. काय घेतोस?"

सटवाजी डोकं खाजवायला लागला. त्याला कानामागेच हवे होते. पण तसं म्हणावं तर सरबताला अमृत म्हटलं ते खोटं ठरतं. राजानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, मग घागरीकडं बघितलं.

"तोंडामागे, महाराज," सटवाजी कसाबसा म्हणाला.

राजा खूश झाला. पण लगेच त्याच्या ध्यानात आलं की हजार कवड्या आपल्याच जाणार आहेत. तो सगुणावर उखडला, तू याचा फायदा केलास!

सगुणा म्हणाली, "महाराज, बांगडी भरताना फुटली तर ती कासारणीची. मनगटावर चढली त्याच बांगडीचे पैसे राणीसाहेब देतात, आणि हसून देतात. पिणाऱ्यानं तुम्हाला वीस दिले, त्यातले दहा याला द्यायला काय जातंय? जो आलाच नाही, त्याचे द्यावे लागले तर जीव तुटावा."

हे राजाला पटलं. पण सगुणापुढची घागर हलवायला तो तयार होईना. बाजाराचा दिवस होऊ दे, मग बघू, म्हणाला.

बाजाराच्या दिवशी सटवाजीनं घसा फुटेपर्यंत दवंडी दिली. चार गावांनी ऐकली. दुकानात आले तिघं. दोघांनी एकेक घोट घेतला, पेला तिथंच ठेवला आणि विहीर शोधत पळाले. तिसऱ्यानं पुरा पेला रिकामा केला. त्याला सर्दी होती. सटवाजीची कमाई दहा कवड्या.

संध्याकाळी राजानं निकालासाठी सगुणालाही दरबारात बोलावलं होतं. तेवढ्यात सटवाजी तरातरा आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "महाराज, तुमचं सरबत कडू आहे. जहर आहे जहर! त्यात गूळ घाला, लिंबू पिळा, कारलं काढून टाका, नाहीतर माझी बायकापोरं उपाशी मरतील."

राजा लाल झाला. त्यानं पेला मागवला आणि एक घोट घेतला. जन्मात पहिल्यांदाच घेतला बरं का, आजवर दुसऱ्यांनाच पाजत होता. त्याचं तोंड वाळक्या वांग्यासारखं झालं.

"सगुणा," राजा जीभ पुसत म्हणाला, "हे कडू आहे हे तुला ठाऊक होतं. मग त्या दिवशीच का सांगितलं नाहीस?"

"महाराज, तेव्हा सांगितलं असतं तर घागर मला प्यावी लागली असती. कानामागे दिलं असतं तर सटवाजीभाऊ जन्मभर अमृतच म्हणाला असता. तोंडामागे दिलं, म्हणून त्याचं तोंड उघडलं."

राजानं तिच्याकडं बघितलं, पेल्याकडं बघितलं आणि असा हसला, असा हसला की सिंहासनावरून घसरला. त्याला उठवायला आलेले दरबारीही हसायला लागले. लपलेले खांबाआडून बाहेर आले.

"बक्षीस माग," राजा म्हणाला.

"काहीही द्या महाराज, फक्त पिण्याचं देऊ नका."

राजानं बाजारातलं दुकान तिच्या नावावर करून दिलं. दुसऱ्या दिवसापासून तिथं बांगड्यांची दुकानदारी सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशी बायकांची रांग वेशीपर्यंत गेली. दवंडी न देता.