हातची केबल

"…मग बुवा, तुम्हीच सांगा. विकतची केबल चांगली, की हातची?"

सोमगीरबुवा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाच्या हातची?"

"माझ्या."

"मग मला कशाला विचारतोस?"

हेरंब दातार आतल्या आत धुमसत बसला. बुवा आपल्याला टोलवतायत, असं त्याच्या मनानं घेतलं.

आता हा हेरंब म्हणजे संशयाचा पुतळा. दूधवाल्यावर संशय, रिक्षाच्या मीटरवर संशय. डॉक्टर 'साधा ताप आहे' म्हणाले, की त्या 'साधा'वर संशय. पण गाण्यासाठी वेडा. बुवांच्या या नदीकाठच्या लहानशा मठात तो आला तोही गाण्यासाठीच.

कारण या मठात प्रवचन नसतं. संध्याकाळी एक जुनी गाण्याची तबकडी लागते, माणसं डोळे मिटून ऐकतात आणि उठून घरी जातात. एवढाच काय तो धर्म. तबकडी लावायची सेवा मुळगुंदमास्तरांकडे होती, पण मास्तरांचे गुडघे गेले. आता ती सेवा कोणाला द्यायची ते बुवांनी ठरवायचं होतं, आणि तिच्यासाठी हेरंबाचा जीव तुटत होता.

पण मठातल्या अँप्लिफायरला वीज पुरवणारी केबल मुळगुंदमास्तरांनी दिलेली. परदेशी, तयार, मखमली डब्यातून आलेली. हेरंबानं तिच्याकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात गणित पक्कं झालं. केबल मास्तरांची, म्हणजे वशिलाही त्यांचाच, आणि सेवा जाणार त्यांच्या जावयाकडे.

म्हणून आज तो स्वतः वळलेली केबल पिशवीत घालून आला होता. तांब्याच्या तारांची वेणी घातलेली, वरून काळी जाळी चढवलेली. दिसायला देखणी, खोटं कशाला बोला.

"त्या विकतच्या केबलीत आत काय भरलंय, कोणी बघितलंय का?" तो म्हणाला.

"आणि तुझ्या?"

"मीच तर भरलंय, बुवा."

बुवांनी सूप खाली ठेवलं. "लाव बघू."

आधी मास्तरांच्या केबलीवर एका जुन्या गाणाऱ्या बाईंची तबकडी वाजली. मग हेरंबानं आपली केबल जोडली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. बुवा दोन्ही वेळा भिंतीला टेकून बसले होते. जागे आहेत की डुलकी लागलीय, याचाही हेरंबाला संशय आलाच.

"कळला फरक?" त्यानं विचारलं.

"तू सांग."

"मघाशी बाईंचा श्वास ऐकू येत नव्हता. आता आला. अगदी जवळून."

"हो, तो मलाही आला."

"बघा!"

"मला वाटलं, तुझाच आहे."

हेरंबाचा चेहरा पडला. थट्टा होती की परीक्षा, त्याला उमजेना. बुवांच्या तोंडावरची सुरकुती हलली नव्हती.

"बरं," बुवा म्हणाले. "चल, पान वाढलंय. तानपुरा लाव आणि ये."

मठात तबकडी नसेल तेव्हा त्याच अँप्लिफायरवर तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण मंद वाजत असतं, दिवसरात्र. ते कधी थांबत नाही. हेरंबानं तानपुरा लावला, उठला, आणि दारातून बाहेर पडता पडता त्याचा हात आपसूक भिंतीवरच्या बटणाकडे गेला. खट्.

तानपुरा थांबला.

बुवा दारातच उभे होते.

"का रे?"

"काही नाही… सवय."

त्यानं घाईघाईनं बटण पुन्हा चालू केलं. बुवा पानावर जाऊन बसले. आमटीभात जेवले, ताक प्यायले, हात धुतले. मग दुपारच्या निजेला त्याच खोलीत येऊन त्यांनी चटई पसरली. उशी नेहमीसारखी अँप्लिफायरच्या बाजूला. वर लाकडी माळा, माळ्यावर वाळलेला चारा.

"घरी पण हातचीच केबल आहे?" आडवं होत बुवांनी विचारलं.

"हो तर. विकतची होती, ती काढून टाकली."

"ती होती तेव्हा बटण बंद करायचास?"

हेरंब आठवू लागला. आठवायला फार लांब जावं लागलं नाही.

"नाही."

"आणि आता?"

"आता… रात्री काढूनच ठेवतो."

"का?"

नदीवर कोणीतरी कपडे आपटत होतं.

"लेक त्याच खोलीत झोपते, बुवा."

"हं."

बुवांनी अंगावर पंचा ओढला.

"तुझी केबल राहू दे इथं. सेवाही उद्यापासून तूच कर. मास्तरांना मी सांगतो. जाताना दार लोटून घे… बटण चालू ठेव."

आणि त्यांनी डोळे मिटले.

हेरंब बाहेर आला. सेवा मिळाली होती! ज्यासाठी रात्र रात्र तारा वळल्या, बायकोची बोलणी खाल्ली, ती सेवा एवढ्या सहज पदरात पडली होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्यानं चपला घातल्या. अंगण ओलांडलं. फाटकाची कडी काढली.

आणि तिथंच त्याचे पाय अडले. बुवांनी मुद्दाम केलं का हे? की त्यांना खरंच काही ठाऊक नाही? त्याचा नेहमीचा संशय सगळीकडे फिरून आला, बुवांवर, मास्तरांवर, जावयावर. शेवटी येऊन थांबला तो आपल्याच केबलीच्या प्लगमधल्या एका बारीक स्क्रूपाशी.

तो धावत परत आला. चपला काढायचंही भान राहिलं नाही.

बटण बंद केलं. आपली केबल ओढून काढली. कोपऱ्यातली मास्तरांची केबल उचलून जागेवर बसवली, बटण चालू केलं. तानपुरा पुन्हा सुरू झाला. हेरंब धाप टाकत भिंतीशी खाली बसला.

बुवांनी डोळे उघडले नव्हते.

"बुवा… आतली एक तार स्क्रूखाली नीट बसलीय की नाही, मला खात्री नाही. कधीच नव्हती. सैल असली तर ठिणगी पडेल."

"हं."

"आवाज मात्र खरंच चांगला येतो हो."

"येत असेल."

"आणि तशी केबल मी तुमच्या उशाशी ठेवून निघालो होतो."

"फाटकापर्यंत."

हेरंबाचे डोळे भरून आले. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. त्यानं केबलीची गुंडाळी पिशवीत कोंबली आणि उठला.

"सेवा मास्तरांच्या जावयालाच द्या. माझ्यासारख्यावर कोणी का भरवसा ठेवावा?"

बुवांनी कूस बदलली. आता त्यांची पाठ हेरंबाकडे होती.

"उद्या जरा लवकर ये, तबकड्या पुसायच्या आहेत… मी निजतो आता."