पुरानंतरची चावी

नदीकाठच्या एका गावात सर्जेराव नावाचा एक गाडीवाला होता. त्याच्या जुन्या पांढऱ्या जीपवर घर चालायचं. भाडं असो नसो, रोज सकाळी सहाला तो जीप सुरू करायचा आणि मगच चहाला तोंड लावायचा. "गाडीची रोज विचारपूस करावी लागती," असं तो म्हणायचा. बायको अंजना हसायची, कारण तिची विचारपूस करायला त्याला कधी सवड नसे.

जीपचा त्याने पूर्ण विमा उतरवला होता. विम्याचं काम बघणाऱ्या सुलभाताईंनी त्याला बजावलं होतं, "दादा, पुरात गाडी बुडाली तर कंपनी भरपाई देईल. पण पाणी शिरलेलं असताना चावी फिरवलीत आणि इंजिन मोडलं, तर ते कंपनी देणार नाही." सर्जेरावाने मान हलवली आणि त्यांना चहा पाजून पाठवलं.

त्या वर्षी पूर आला. रस्ते बंद झाले. बॅटरी तेवढी काढून माळ्यावर ठेवता आली. जीप तीन दिवस पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर त्याने गाळ धुतला, आरसे पुसले. सुलभाताईंचा फोन आला, "परवा कंपनीचे साहेब पाहणीला येतील. तोवर सुरू करू नका."

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. अंगण गप्प होतं. सर्जेरावाचा जीव खालीवर होऊ लागला. त्याने माळ्यावरून बॅटरी उतरवली.

अंजना म्हणाली, "उद्या येनार हायत न्हवं साहेब? एक दिस कळ काढा."

"जित्ती हाय का, तेवढंच बघतो."

त्याने चावी फिरवली. जीप एकदाच खडखडली, आत काहीतरी मोडलं आणि ती थांबली.

साहेबांनी विचारलं, "पुरानंतर सुरू केली होती?" शेजारी मागून नाही म्हणायला खुणावत होते. सर्जेराव खोटं बोलला नाही. सीटा आणि वायरिंग विम्यात बसलं, इंजिन बसलं नाही. नवं घेणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. जीप भंगारात गेली. तिला ओढून नेताना तो सगळ्यांदेखत रडला.

आता तो दुसऱ्याची गाडी चालवतो. सहाला मात्र अजून जाग येते. तो अंगणातल्या रिकाम्या जागेपाशी जाऊन उभा राहतो. अंजना चहा आणून ठेवते आणि तो निवून जातो.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याच्यासाठी कधी कधी हात आवरून थांबणं हीच खरी काळजी असते.