चिखलातली हाक

जनावरं आपापल्या गाड्या आपणच हाकत, त्या काळातली ही गोष्ट. झुळूक नावाची घोडी टांगा घेऊन बाजाराला निघाली होती. मागून धोंडोबा रेड्याचा गाडा कुरकुरत येत होता.

वाटेत ओढ्याकाठची काळी माती भिजून लोण्यासारखी झाली होती. "या तुम्ही सावकाश, बाजार उठेपर्यंत पोचाल!" असं म्हणत झुळूक चौखूर उधळली. मध्यावरच चाक रुतलं. तिने जीव खाऊन पाय झाडले, तसा चिखल तिला आणखीच खाली ओढू लागला. बघता बघता तो पोटाला लागला.

धोंडोबाने काठावर थांबून चिखल हुंगला आणि मान खाली घालून तो आत शिरला.

"धोंडोबा, थांबा हो! बुडाले मी!" झुळूक ओरडली.

तो थांबला नाही. त्याने वळूनही पाहिलं नाही. त्याचे फाकलेले खूर पडत तिथे चिखल वाट देई आणि ते उचलताच हलकेच मिटून जाई. झुळूक रागही विसरली. एवढा अवजड गाडा, पण पाण्यावरून ढगाची सावली सरकावी तसा चालला होता! पाहता पाहता तिचं पाय झाडणं थांबलं.

पलीकडे कोरड्या जमिनीवर पोचल्यावरच धोंडोबा वळला. त्याने गाड्याला बांधलेल्या दोराचा फास शिंगाने भिरकावला, तो नेमका टांग्याच्या दांडीत अडकला. दोर ताठ झाला.

"हं, पोरी," तो म्हणाला, "आता बोल. मघाशी काय म्हणत होतीस?"